पंधरा किलो

कुडाळच्या कंपनीचा कागद आलाय:
बॅग मऊ हवी, चाकं नकोत,
छोट्या विमानाच्या पोटात कोंबता येईल अशी.
वजन पंधरा किलो, कॅमेऱ्यासकट.
निळे कपडे नकोत, काळे नकोत,
तिथली एक माशी निळ्यावर बसते
आणि कापडातून चावते.

मी कपाट उघडलं.
ह्यांचे सहा शर्ट, सहाही निळे.
मागच्या पडवीत निळी ताडपत्री, निळं पिंप,
दोरीवर निळी जाळी.
माशीला आमचा पत्ता कळला
तर तीच येईल शिरोड्याला, तिकीट काढून.

"माका मोंबासा सांगू नको," हे म्हणतात,
"अकरा दीस बोट लागलली थंय.
क्रेन बघलंय, गोदाम बघलंय,
एक कुत्रो बघलंय, तो पण लंगडो."
आणि पासपोर्टच्या फोटोला
माझ्याआधी दाढी करून बसले.

पिवळ्या तापाची लस वास्कोला, बंदराच्या दवाखान्यात.
पहाटेची गाडी, किरणपाणीच्या पुलावर धुकं.
रांगेत सगळी बोटीवर जाणारी पोरं, विशीतली,
मोबाइलमध्ये माना घातलेली,
आणि मधे मी, चौतीस वर्षं नोकरी झालेली नर्सबाई.
"अंड्याची ॲलर्जी?"
नाही.
"भीती वाटते का, आजी?"
काय सांगू त्या मुलीला!
बर्फाचा डबा मांडीवर घेऊन होडीतून तर ओलांडायचे मी,
आरवलीपासून रेडीपर्यंत निम्म्या दंडांवर
माझीच सुई फिरलेली.
तिने कापूस फिरवला, उलटा. मी बोलले नाही.
सुई जवळ आली तेव्हा मात्र मान वळवली,
सगळे वळवतात तशीच, खिडकीकडे.

पिवळं पुस्तक मिळालं शिक्का मारून.
दहा दिवसांनी ते खरं होणार म्हणे.

फिदेलीस शिंप्याने दोन पिशव्या शिवल्यात, कॅमेऱ्याला उशी.
इथून रिकाम्या न्यायच्या, तिथे तांदूळ भरायचे,
जीपच्या कठड्यावर ठेवायच्या, म्हणजे हात हलत नाही.
"तांदूळ उशयेत?" हे म्हणाले. "आणि आमी खावचा काय?"

तिथला वाटाड्या जोसेफात रोज एक निरोप पाठवतो.
टोपीला दोरी लावा, जीपचं छप्पर उघडं असतं.
पहाटे थंडी पडते, स्वेटर आणा.
प्लास्टिकची पिशवी एकही नको, विमानतळावरच काढून घेतात.
(आमसुलं मग जुन्या लुगड्याच्या तुकड्यात.)
खाण्यात काय चालतं?
मी लिहिलं, मासे.
बराच वेळ काहीच नाही.
मग आलं: मॅडम, समुद्र इथून फार लांब आहे.

डॉलर कोरे हवेत, घडी पडलेली नोट घेत नाहीत कोणी.
ह्यांनी त्या पंचांगात दाबून ठेवल्या
आणि कुठल्या पानात ते विसरले.
दोन दिवस शोधतो आहोत, अमावास्येपर्यंत आलो.

शेजारच्या रुक्मा तारीला परवा
काजूच्या बागेत बिबट्या दिसला, सकाळी साडेसहाला,
गड्यासारखा निवांत चालत गेला कुंपणाकडे.
"पैसे भरण्याआधी विचारायचं तरी," ती म्हणाली.

काल लिलाव संपल्यावर बॅग बंदरावर नेली,
पापलेटाच्या काट्यावर ठेवली.
सतरा किलो दोनशे.
काटेवाल्याने सवयीने पाण्याचा थेंब झटकला
आणि विचारलं, भाव काय?

तिथेच उघडली, वाळूवर.
जादा चपला काढल्या, पुस्तक काढलं,
सुकटाच्या चटणीचा डबा हातात घेतला, परत ठेवला.
तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं:
ह्यांची बोटीवरची दुर्बीण, पितळी,
सव्वा किलो तरी असेल.
मी ठेवली नव्हती.

मी वर पाहिलं.
ह्यांनी ती माझ्या हातातून घेतली, काच बनियनला पुसली
आणि पश्चिमेकडे धरून उभे राहिले.
"दिसता काय?" काटेवाला.
"गप रव."

चपला बाहेर, पुस्तक बाहेर, दुर्बीण त्यांच्या डोळ्याला.
काट्यावर पंधरा किलो शंभर.
मी चटणीच्या डब्याकडे पाहत बसले.